अंधुक दिव्यांची हकीकत

आदरणीय आक्का,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिन्याशी भांडत नसेल अशी आशा आहे. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की डॉक्टरांनी मांडी घालून बसायला मनाई केली आहे, पण पाय लांब करून कितीही वेळ बसायला हरकत नाही. (हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.) मी बरा आहे. स्वयंपाक शिकतो आहे. भाजी एक दिवस खारट होते, एक दिवस अळणी होते, आणि दोन्ही दिवस मीच जेवायला असल्यामुळे तक्रार वरपर्यंत जात नाही. लेक रोज फोन करते आणि जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो. मग ती म्हणते, "बरं बाबा, ठेवते."

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण गाडी. तुम्ही स्पष्ट लिहिलं होतंत की धाकटी बहीण गेली, आता ती गाडी कोणासाठी झाकून ठेवली आहे, उभी गाडी सडते, दातांचे डॉक्टर इतकी वर्षं मागे लागले आहेत तर त्यांना देऊन मोकळे व्हा. गाडी तुमच्या तात्यांची, त्यामुळे तुमचा शब्द शेवटचा. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, हे तर तुम्ही आमच्या लग्नाआधीच सगळ्यांना सांगितलं होतं. (तात्यांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो, आणि तुम्ही आतल्या खोलीतून म्हणाला होतात, "शेजारी बसतो." मी बाहेर बसलो होतो. मला ऐकू आलं होतं.) तेव्हा मी डॉक्टरांना निरोप दिला. ते आले, गाडी बघितली, आणि तिथून ही हकीकत सुरू होते. गाडीचं पुढे काय झालं हे शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही बाकीचं वाचणार नाही.

दातांचे डॉक्टर गाडीकडे आले ते चपला काढाव्यात की काय अशा चेहऱ्याने. त्यांनी आधी लांबून बघितली, मग जवळून, मग खाली वाकून. बॉनेटवरून त्यांनी हळूच हात फिरवला, आणि मला तो माणूस आवडला. मग चालकाच्या जागेवर बसले, किल्ली फिरवली, आणि डॅशबोर्डकडे बघत राहिले. तुम्हाला आठवत असेल, स्टिअरिंगच्या मागे चार छोटे दिवे आहेत, शर्टाच्या बटणाएवढ्या रंगीत काचांचे: ऑइलचा, बॅटरीच्या चार्जिंगचा, पाणी तापल्याचा आणि हातब्रेकचा. दुपारची वेळ होती, गॅरेजचं दार उघडं. डॉक्टरांनी हाताची ओंजळ करून दिव्यांवर धरली आणि आत डोकावले, चिमणीचं घरटं बघावं तसे.

"लागलेत की बंद आहेत, काका?"

"लागलेत. मंद आहेत."

"फारच मंद आहेत."

मग त्यांनी आपली अडचण सांगितली. धाकटी गाडी कानाने चालवायची, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांचे स्वतःचे कान दिवसभर ड्रिलच्या आवाजात राहून बोथट झाले आहेत. इंजिन कण्हलं तरी त्यांना कळणार नाही. त्यांना दिवे दिसायलाच हवेत. दिवे नीट करून द्या, त्याच दिवशी गाडी घेऊन जातो, नाहीतर मला धीर होणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, करून ठेवतो. मी असं का म्हटलं ते मलाही माहीत नाही. वायरमन बोलावता आला असता. पण दुसऱ्या कोणी तिच्या डॅशबोर्डमध्ये हात घालावा असं मला वाटेना, एवढंच.

आता दिवे मंद कधीपासून आहेत, हेही सांगायला हवं. तुम्ही आमच्याकडे उन्हाळ्यात राहायला आला होतात आणि आपण तिघं तलावावर गेलो होतो, साधारण त्या सुमारापासून. मी तेव्हा धाकटीला विचारलं होतं की हे दिवे पूर्वी चांगले दिसायचे, आता काय झालं. ती म्हणाली, "तिचं वय झालं हो. वय झालं की नजर जाते." मला ते पटलं. माझाही चष्म्याचा नंबर त्याच वर्षी वाढला होता. पुढच्या वर्षी ते आणखी मंद झाले, नंतर आणखी. मी म्हणायचो, दाखवून आण कुठेतरी. ती म्हणायची, बघू.

तर मी कामाला लागलो. आक्का, खरं सांगायचं तर त्यात माझी एक सोयही होती. भेटायला येणाऱ्या लोकांचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. चांगली माणसं असतात. येतात, समोर बसतात, माझ्याकडे बघतात, आणि मी काहीतरी बोलावं म्हणून थांबतात. मी पाणी आणतो. ते पाणी पितात. मग मी पुन्हा पाणी आणतो. धाकटी असती तर दोघांच्या वाटचं तीच बोलली असती. त्यामुळे दाराची घंटा वाजली की मी मागच्या दाराने गॅरेजमध्ये जाऊ लागलो आणि डॅशबोर्डच्या खाली शिरू लागलो. तिथे शिरायचं म्हणजे पाठीवर झोपायचं, डोकं पेडलांपाशी, आणि पाय सीटच्या पाठीवर. माझ्या वयाच्या माणसाला ही मुद्रा शोभत नाही, पण त्या मुद्रेत कोणी सांत्वन करू शकत नाही.

तिची हत्यारांची कापडी पिशवी मी पहिल्यांदाच उघडली. आक्का, काय ती पिशवी. प्रत्येक पान्याला शिवलेला वेगळा कप्पा, पाने लहानमोठ्या क्रमाने, पक्कडीच्या तोंडाला तेलाचा हात, पुसायची फडकी इस्त्री केल्यासारखी. घरातल्या कपाटात तिला स्वतःची शाल सापडायची नाही आणि इथे डोळे मिटून हात घातला तर हवा तो पाना हाताला लागला असता. मी बराच वेळ ती नुसती उघडून बघत बसलो. आणि शेवटच्या कप्प्यात, स्पार्क प्लगच्या शेजारी, नेलपॉलिशची एक बाटली होती. गडद वांगी रंगाची, अर्ध्याहून जास्त संपलेली.

आता तुम्हीच सांगा. त्या बाईच्या नखांत आयुष्यभर ग्रीस होतं. लेकीच्या लग्नातसुद्धा तिने नखं नुसती घासून घासून साफ केली होती, रंग लावला नव्हता. मग ही बाटली कोणाची, आणि अर्धी संपली कशी? माणसाच्या मनात काय काय येतं. मला वाटलं, गाडी घेऊन बाहेर पडल्यावर ती कुठेतरी थांबून नखं रंगवत असेल, आणि घरी येण्याआधी पुसत असेल. माझ्यापासून लपवायचं काय कारण? मी नको म्हटलं असतं का? दोन दिवस मी याच विचारात होतो. शेवटी लेकीला फोनवर आडून आडून विचारलं, की आईला नेलपॉलिशची आवड होती का गं. तिने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, "बाबा, आज जेवलात ना नक्की?"

समोरचे हवामानखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ तुम्हाला आठवतात. (धाकटी त्यांना 'अंदाज' म्हणायची. मीही आता तेच म्हणतो, त्यांच्यामागे.) माझे पाय सीटवर दिसल्यावर ते आत आले आणि काय चाललंय विचारू लागले. मी सांगितलं. ते म्हणाले, अर्थिंग कच्चं असण्याची दाट शक्यता आहे, तुरळक ठिकाणी बल्बही काळे पडले असतील. मी बल्ब काढले. काळे पडले होते. नवे घातले. दिवे जसेच्या तसे. मग अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला स्क्रूने बसवलेली असते तिथला गंज मी घासून काढला, पार चकचकीत केला. दिवे जसेच्या तसे. मग अंदाज म्हणाले की होल्डरमधल्या पत्र्याचा पांढरा रंग पिवळा पडला असावा, त्यामुळे उजेड परतत नाही. तिथेही मी नवा पांढरा रंग दिला. दिव्यांवर काडीचा परिणाम नाही. अंदाज म्हणाले की उद्या परिस्थितीत सुधारणा संभवते.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो. मी वायरी एकेक करून हलवून बघत होतो. त्यातली एक जुनी वायर हातात सुटून आली, तिचं उघडं टोक पत्र्याला लागलं, आणि हॉर्न सुरू झाला. तात्यांच्या गाडीचा हॉर्न तुम्ही विसरला नसाल. बोटीला शोभेल असा. मी वायर ओढायला गेलो तर ती वर कुठेतरी अडकली, आणि हॉर्न काही थांबेना. मला बाहेरही पडता येईना, कारण या मुद्रेतून बाहेर पडायला मला तयारी लागते. मी आपला वाट बघत पडून राहिलो. आक्का, ज्या ज्या माणसांना मी मागच्या दाराने चुकवलं होतं ती सगळी पुढच्या दाराने आली. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, बँकेतलं जोडपं, वाचनालयातल्या बाई, अंदाज आणि त्यांच्या पत्नी. गॅरेजमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. अंदाजांनी शेवटी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत वाचनालयातल्या बाई माझ्या पायांना म्हणाल्या, "तुम्हाला फार एकटं वाटत असेल ना?"

मी डॅशबोर्डखालून म्हटलं, "सध्या नाही."

त्यावर शिंपीणबाई हसल्या. मग सगळेच हसले, आणि खाली मीही हसलो, कोणाला दिसत नव्हतं म्हणून. नंतर सगळे तिथेच उभ्या उभ्या धाकटीच्या गोष्टी सांगू लागले. बँकेतल्या बाईंचा पाय मोडला होता तेव्हा धाकटी रोज त्यांना कामावर सोडत होती, हे मला ठाऊकच नव्हतं. शिंपीणबाईंची शिलाई मशीनसुद्धा ती दुरुस्त करून द्यायची, आवाज ऐकून. मी सगळं पडल्या पडल्या ऐकलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला लोकांचं येणं जड गेलं नाही, आणि पाणीही द्यावं लागलं नाही.

पण दिवे तसेच. त्यात माझ्याकडून आणखी एक गोष्ट झाली. दिवे मंद आहेत की माझी नजर, हे ठरवायला मी किल्ली चालू ठेवून चष्म्याने, बिनचष्म्याने, डावीकडून, उजवीकडून असं बघत बसलो, आणि किल्ली तशीच ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर दिवे पूर्ण बंद. मला वाटलं, आता बिघाड सापडला. बॅटरी उतरली होती.

शेवटी मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की माझ्याच्याने होत नाही. ते म्हणाले, मी येतो, आणि सुट्टीच्या दिवशी आपली पेटी घेऊन आले. येताना शेजारच्या गॅरेजमधून चार्ज केलेली बॅटरीही घेऊन आले. मला वाटलं पेटीत पाने असतील. त्यांनी तोंडात घालतात तो छोटा गोल आरसा काढला, कपाळाला दिवा बांधला, आणि चालकाच्या सीटवर उलटे झाले. माझ्यापेक्षा त्यांना ते सोपं गेलं. इतका मऊ हात मी क्वचित पाहिला आहे. बल्बचा होल्डर त्यांनी असा फिरवून काढला की कोणाला दुखू नये. मग त्या भोकातून आरसा आत सरकवला आणि स्वतःशीच पुटपुटले, "हं, आणखी थोडं मोठं उघडा." (हे गाडीला.)

बराच वेळ ते आरसा फिरवत राहिले. मग एक बारीक आकडी आत घालून त्यांनी काहीतरी खरवडलं.

"काका, दिव्याला काही झालेलं नाही. काचेला आतून रंग दिलाय."

"कसला रंग?"

त्यांनी आकडीच्या टोकावर आलेला एक कपचा मला दाखवला. उन्हात धरला. वांगी रंगाचा होता. मी हत्यारांची पिशवी उघडली आणि बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी कपचा बाटलीशेजारी धरला, नवा दात बसवताना शेजारच्या दाताशी रंग जुळवतात तसा, आणि मान हलवली. मग पुन्हा आत बघून म्हणाले, "थरावर थर आहेत. एका बैठकीतलं काम नाही हे. आणि काय सफाई आहे, कडेला एक थेंब बाहेर नाही. आमच्या कॉलेजात हात असा चालला असता तर प्राध्यापकांनी सुवर्णपदक दिलं असतं." मग ते खाली आले, कपाळावरचा दिवा बंद केला, आणि मला विचारलं की बाईंनी असं का केलं असेल.

मी म्हटलं, कल्पना नाही. पण आक्का, मला कपचा बघितल्याबरोबर कळलं होतं.

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या दारातले पाण्याचे मीटर वाचले. काचेमागे काटा दिसला की तो वाचायचा आणि मोठ्याने सांगायचा, म्हणजे बरोबरचा माणूस लिहून घेतो. ती सवय घरी काढून ठेवता येत नाही. गाडीत बसलं की मी वाचायचो. ऑइलचा लुकलुकला. पाणी तापतंय. चार्जिंग बघ. आता गेला. पुन्हा आला. तलावावर गेलो त्या दिवशी चढावर तिने गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, ऑइलची काडी पुसून, बुडवून, माझ्या नाकासमोर धरून दाखवली की भरपूर आहे. तुम्ही मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होतात. मी म्हटलं, ठीक आहे. पुढच्या वळणावर म्हटलं, पुन्हा लुकलुकला. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही बाहेर बघा की. किती छान झाडं आहेत."

मी बाहेर बघितलं नाही. मग तिने बघायला लावलं. दिवे मंद होत गेले तसा मी वाचायचा थांबलो, आणि दुसरं काही करायला नाही म्हणून खिडकीतून बघू लागलो. तुम्हाला गंमत सांगतो. त्या उन्हाळ्याआधीच्या प्रवासांतलं मला दिव्यांशिवाय काही आठवत नाही. त्यानंतरचे रस्ते मात्र मला सगळे आठवतात. कुठे पूल होता, कुठे मेंढ्या आडव्या आल्या होत्या, कुठे तिने गाडी थांबवून भर रस्त्यात मला सूर्यास्त दाखवला होता आणि मागचा ट्रकवाला ओरडत होता. हे सगळं नेलपॉलिशच्या एका बाटलीने झालं. एवढी वर्षं मी तिच्या शेजारी बसलो, आणि मला पत्ताही लागला नाही. तिने मला कधी गप्प बसा म्हटलं नाही. दिवा कमी केला.

दवाखान्यातलं तुम्हाला आठवतं का? शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी ते आकडे दाखवणारं मशीन होतं. तिने नर्सबाईंना सांगून त्याची काच भिंतीकडे फिरवून घेतली होती. मला वाटलं होतं, उजेडाचा तिला त्रास होतोय. तुम्ही खिडकीपाशी बसला होतात आणि माझ्याकडे बघत होतात. आता लक्षात येतं की मग मी तिच्याकडेच बघत बसलो, दुसरं काही वाचण्यासारखं नव्हतं म्हणून. ते दिवस माझ्याकडे आहेत. आकडे असते तर फक्त आकडेच राहिले असते. यापेक्षा जास्त मला यावर लिहिता येत नाही.

असो. रंग काढायचा होता. डॉक्टर म्हणाले, नेलपॉलिश काढायचं औषध मिळतं, काचा आहेत, काही होणार नाही. ते मागायला मला अंदाजांच्या घरी जावं लागलं. त्यांच्या पत्नी दारात आल्या. मी म्हटलं, नेलपॉलिश काढायचं औषध आहे का, थोडं हवं होतं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग आत जाऊन बाटली आणून दिली आणि अतिशय मायेने म्हणाल्या, "असू द्या. जेवढं हवं तेवढं घ्या." त्यांचा काय समज झाला हे मला विचारायचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून अंदाज मला रोज फिरायला बोलावतात.

काचा स्वच्छ झाल्या. आक्का, काय दिवे आहेत ते. लाल म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखा, पिवळा मधासारखा. ज्याने ही गाडी बनवली त्याने या चार बटणांवरसुद्धा जीव ओतला होता. डॉक्टर आणि मी दोघंही उन्हात उभे राहून ते बघत होतो. मग डॉक्टर म्हणाले, चला, एक फेरी मारू. धाकटी गेल्यानंतर मी पहिल्यांदाच गाडीत बसलो, माझ्या नेहमीच्या जागी. डॉक्टर चांगले चालवतात, जरा दुखऱ्या दातावर काम चालल्यासारखे जपून. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली, आणि ऑइलचा दिवा लुकलुकला.

मी म्हटलं, "ऑइल."

डॉक्टर म्हणाले, तापलेलं जुनं इंजिन हळू फिरत असलं की तसं होतं, त्यात काही नाही. (म्हणजे ती इतकी वर्षं बरोबर होती. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.) दुसऱ्या सिग्नलला मी म्हटलं, "पुन्हा." तिसऱ्याला मी तोंडावर हात ठेवला, पण डॉक्टरांना तेही दिसलं. ते म्हणाले, "काका, मी गाडी घेतोय, तुम्हाला नाही घेत ना बरोबर?"

मी म्हटलं, "डॉक्टर, मी गाडी देत नाही."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. पेशंट खुर्चीपर्यंत येतो, टेकतो, आणि ऐन वेळी तोंड मिटून घेतो. माझं रोजचं आहे." मग त्यांनी थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवला, जसा पहिल्या दिवशी बॉनेटवरून फिरवला होता, आणि विचारलं की मग ही चालवणार कोण. त्याला मी उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर त्यांनी गाडी गॅरेजमध्ये लावली, आरसा पुसून पेटीत ठेवला, आणि म्हणाले की सहा महिन्यांनी तपासणीला यावं लागेल. (गाडीच्या. दातांच्याही, असं वाटतं.)

तर आक्का, तुमचा शब्द मी मोडला आहे. गाडी विकली नाही. तात्यांची गाडी तात्यांच्या घराण्यात आहे, जरी सध्या ती फक्त उभी असली तरी. तुम्हाला वाईट वाटलं तर तसं कळवा, मी ऐकून घेईन. धाकटीने माझ्यासाठी काय केलं हे मला निदान एका माणसाला लिहून कळवायचं होतं, आणि ते समजेल असं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. गुडघा सांभाळा.

तुमचा,
मीटर
(हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत. मला ते लागलं होतं, पण आता मीच वापरतो.)

ता. क. — डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देतो. मी शिकाऊ लायसन्स काढलं आहे. खुणांची परीक्षा एकही चूक न करता पास झालो. खिडकीवरच्या माणसाने माझं वय दोनदा वाचलं. लेकीला अजून सांगितलेलं नाही. धाकटीला गाडी तुम्ही शिकवली होती, आणि शिकवताना असा आवाज लावायचात की तात्या घरात रेडिओ मोठा करायचे, असं ती सांगायची. माझ्याशेजारी बसायला दुसरं कोणी धजणार नाही, आणि तुमच्या आवाजाशिवाय मला शिकता येणार नाही. महिनाभर राहायला या. मागची खोली झाडून ठेवली आहे. शेजारच्या सीटवर पाय अगदी लांब करून बसता येतं. डॉक्टरांची हरकत नाही, तुम्हीच लिहिलंय.

ता. क. २ — त्या उन्हाळ्यात तुमची वांगी रंगाची नेलपॉलिशची बाटली हरवली होती. तुम्ही सगळं घर शोधलं होतंत आणि शेवटी म्हणाला होतात की मीच कचऱ्यात टाकली असणार. आळ आजपर्यंत माझ्यावर आहे. बाटली सापडली आहे, आली की देतो. तुम्ही तेव्हा खरंच शोधत होतात की शोधल्यासारखं करत होतात, हे मी विचारणार नाही.

ता. क. ३ — काल सरावाला म्हणून मी चालकाच्या जागेवर बसलो आणि किल्ली फिरवली. चारही दिवे लख्ख दिसले, पण समोर उघडं दार होतं आणि दारात अंदाज हात हलवत उभे होते हे मला बराच वेळ दिसलं नाही. तेव्हा येताना त्याच रंगाची एक नवी बाटली घेऊन या. हातब्रेकचा दिवा राहू दे. बाकीच्या तिघांना एकच हात पुरेल असं वाटतं.